रात्री बर्फ गोठला नाही

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हिमाचलातल्या मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकच्या उतारावरून, ४,६५० मीटरवरून, आम्ही नऊ जण परत फिरलो. शिखर ५,२८९ मीटर. वारा नव्हता, कुणी आजारी नव्हतं, दोर-सामान जागच्या जागी होतं. गावी पोचल्यावर पहिला प्रश्न हाच आला, की मग अडलं कुठं? अडलं ते बर्फात. रात्री तो गोठला नाही. एवढं एक वाक्य नीट समजावून सांगायचं तर आधीची संध्याकाळ, ती रात्र आणि उतरतानाचे साडेतीन तास, सगळंच सांगावं लागतं. आमच्या अचलपूर-परतवाड्याकडची पोरं आता हिमालयात जायला लागली आहेत. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, तेव्हापासून तर खेड्याखेड्यांत ही हौस आहे. चढायचं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उतरायचं कसं आणि केव्हा, हे सांगणारे कमी, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

घरच्या तयारीबद्दल थोडक्यात. आमची गावं समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर. जवळचं उंच ठिकाण म्हणजे चिखलदऱ्याजवळचं वैराट, ११७८ मीटर. पाठीवर १२ ते १५ किलो घेऊन घाटाची चढण चढल्यानं पाय आणि दम तयार होतो, पण विरळ हवेची सवय मेळघाटात होत नाही. ती वर जाऊनच करावी लागते. बर्फावर चालणंही इथं शिकता येत नाही. शिकता येतात त्या हाताच्या गोष्टी. जाड हातमोजे घालून अंधारात क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या पोलादी दातांच्या सांगाड्याचे) पट्टे आवळणं, डोळे मिटून आठाची गाठ मारणं, दोराला दहा-दहा मीटर अंतरानं बांधून घेऊन धुऱ्यावरून एका चालीनं चालणं. दोर ना ताणायचा, ना पायात लोळू द्यायचा. ही कामं अंगणात आणि वावरात शंभरदा झाली, म्हणून वर ती विचार न करता झाली.

एक गोष्ट विदर्भातल्या मुलांनी विसरूच नये: सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची तपासणी. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी आणि काही बहुजन समाजांत, सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. वाहकाला गावी काहीच त्रास नसतो, त्यामुळं अनेकांना ते माहीतही नसतं. पण उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराचं दुखणं ही त्याची खूण. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते; ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण हे पक्कं करायचं आणि मग डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. आमच्या गटात नाव नोंदवण्याआधी हा कागद मागतात.

वर जातानाचे टप्पे असे होते. मनालीत (सुमारे २,०५० मीटर) दोन रात्री. मग सोलंगवरून धुंदीपर्यंत गाडी आणि तिथून चालत बकरथाच, साधारण ३,३०० मीटर. तिथं तीन रात्री, त्यातला एक आख्खा दिवस बर्फावरच्या सरावाला. त्यानंतर लेडी लेग नावाच्या बर्फाळ उताराजवळ ३,९०० मीटरवर (हा आकडा आमच्या घड्याळातल्या अल्टिमीटरचा) सामान पोचवून झोपायला परत खाली, आणि दुसऱ्या दिवशी मुक्कामाला वर. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. इथं एका टप्प्यात सहाशेची वाढ होती, म्हणून आधी एकदा वर जाऊन खाली झोपणं. मे महिन्यात गावचं तापमान चव्वेचाळीस अंशांवर, त्यात दोन दिवसांचा प्रवास. माणूस मनालीत पोचतो तोच अंगातलं पाणी आटलेला. पहिले तीन दिवस प्रत्येकानं रोज चार लिटर पाणी पोटात घालायचं, हे आम्ही मोजून करून घेतलं.

आता बर्फ. उन्हाळ्याच्या तोंडाचा बर्फ हिवाळ्यातल्या बर्फासारखा कोरडा, भुसभुशीत नसतो. थंडीभर साठलेला थर मे येईपर्यंत वरपासून तळापर्यंत शून्य अंशाच्या आसपास आलेला असतो. दिवसा ऊन लागून त्यात पाणी सुटतं, रात्री ते गोठतं, पुन्हा सुटतं, पुन्हा गोठतं. असं बरेच दिवस झालं की त्याचे गोल दाणे बनतात, भिजवलेल्या साबुदाण्याएवढे. रात्री गोठले की हे दाणे एकमेकांना घट्ट धरतात, वर कडक खरपुडी तयार होते, क्रॅम्पॉनचे दात त्यात करकर आवाज करत रुततात आणि माणूस सिमेंटच्या जिन्यावरून चालावं तसा चालतो. सकाळी ऊन चढलं की दाण्यांमधला गोठलेला जोड सुटतो. मग तोच उतार ओल्या साबुदाण्याचा ढीग होतो. म्हणून अशी चढाई मध्यरात्री सुरू करायची आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. मे महिन्यात शेतातली कामं अकराच्या आत उरकावी लागतात, त्यामागचा हिशेबही असाच घड्याळाचा आहे.

पण सगळं अवलंबून आहे ते रात्रीच्या गोठण्यावर, आणि गोठणं अवलंबून आहे आभाळावर. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग गोठतो, कारण तो आपली उष्णता थेट मोकळ्या आभाळात सोडून हवेपेक्षा थंड होतो. ढग आले की ते ती उष्णता खाली परत पाठवतात आणि बर्फ ओलाच राहतो. कास्तकाराला हे नवं नाही. आभाळ मोकळं असेल तेव्हाच सकाळी तुरीवर दहिवर दिसतं. ढगाळ रात्रीनंतर पानं कोरडी असतात. बर्फावरही नियम तोच आहे.

त्या दिवशी दुपारी तीनपासून शेजारच्या हनुमान टिब्बा शिखराच्या बाजूनं ढग येत होते. दोन दिवसांपूर्वी वरच्या उतारांवर नवा बर्फ पडल्याचं खालून दिसलं होतं. संध्याकाळी सहाला तंबूबाहेर, बर्फापासून वेगळी राहावी म्हणून सॅकवर, आम्ही स्टीलची एक ताटली ठेवली आणि तिच्यात बोटभर पाणी घातलं. आदल्या रात्री, आभाळ मोकळं असताना, नऊ वाजता त्यावर काचेसारखा पापुद्रा आला होता आणि अकराला चमचा उभा राहत होता. त्या रात्री नऊला पाणी हललं. अकराला कडेनं फक्त एक पातळ कड धरली होती, मधलं पाणी मोकळं. थर्मामीटर एक अंश दाखवत होता. आभाळात तीन-चार ठिकाणी तारे, बाकी सगळा राखाडी पडदा.

मग निघालो का? हा प्रश्न रास्त आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सहाशे मीटर वर चार अंशांचा फरक पडतो, म्हणजे तिथं बर्फ धरलेला असायची शक्यता होती. आणि मध्यरात्रीनंतर ढग फाटतातही. पण निघताना अटी आधी ठरवल्या आणि वहीत लिहिल्या. सकाळी आठला जिथं असू तिथून परत. तीस अंशांपेक्षा तीव्र उतारावर बूट सतत घोट्याच्या वर रुतत असतील तर परत. पायाखाली ‘धप्प’ असा बसका आवाज आला किंवा बर्फात तडा पळताना दिसला तर त्याच पावलाला परत. कुणाची एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून सरळ रेषेत चालायची चाल बिघडली, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तो दोघांसोबत तत्काळ खाली. तपासायच्या वेळाही ठरल्या: अडीच आणि पाच. वर गेल्यावर डोकं धड चालत नाही. पाच हजार मीटरच्या आसपास प्रत्येक श्वासात गावच्या तुलनेत निम्म्याहून जरा जास्तच ऑक्सिजन मिळतो, आणि समोर शिखर दिसत असतं. म्हणून ठरवायचं ते तंबूत, चहा पिताना. उतारावर फक्त मोजायचं.

साडेअकराला निघालो. पहिले पाचशे मीटर चांगले गेले. हा भाग जुना, दबलेला बर्फ होता. खरपुडी चारेक सेंटीमीटर जाड, क्रॅम्पॉनचे दात धरत होते. अडीच वाजता घड्याळात ४,४०० मीटर. तासाला एकशे सदुसष्ट मीटर, म्हणजे हिशेबात. तिथल्या तपासणीत कुणाला त्रास नव्हता. ढग मात्र फाटले नव्हते.

त्यानंतर चित्र पालटलं. साडेचार हजारांच्या वर तोच दोन दिवसांपूर्वीचा वीतभर नवा बर्फ होता. त्याच्यावर खरपुडी जेमतेम बोटाच्या पेराएवढी, आणि खाली ओलसर, मऊ थर. ही स्थिती सर्वांत दमवणारी. पाय ठेवला की क्षणभर पृष्ठभाग तोलतो, अंगाचं वजन पूर्ण टाकलं की फुटतो आणि पाय नडगीपर्यंत खाली. वर काढताना गुडघा खरपुडीच्या कडेवर आपटतो. पुढच्यानं पाडलेल्या पायरीतच मागचे चालतात, पण तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या वजनानं ती पायरीही ढासळते. पुढं चालणारा दर पंधरा मिनिटांनी बदलत होतो. पाच वाजता उंची ४,६५०. अडीच तासांत फक्त अडीचशे मीटर, तासाला शंभर.

इथं थांबून तीन गोष्टी केल्या. पहिली, उताराचं माप. आइस अ‍ॅक्सचा (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचा) दांडा उतारावर आडवा न ठेवता उताराच्या दिशेनं टेकवायचा, त्यावर मोबाइल ठेवून कोन वाचायचा. ३६ अंश आला. पत्र्यासारखा सरकणारा हिमलोट बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरच सुटतो, त्यामुळं हा आकडा अगदी नको त्या जागी होता. दुसरी, हाताची चाचणी. अ‍ॅक्सनं हातभर खोल खड्डा करायचा, वरच्या बाजूला वीतभर रुंदीचा बर्फाचा खांब दोन्ही कडांनी आणि मागून कापून मोकळा करायचा, आणि दोन्ही हातांनी मागून धरून आपल्याकडे हळूच ओढायचा. आम्ही नुसते हात लावले तोच वीतभर जाडीचा वरचा थर एखाद्या पाटीसारखा अख्खा सुटून हातात आला. खालचा जुना पृष्ठभाग गुळगुळीत, ओला, चमकणारा. हेडटॉर्चच्या उजेडात तो पृष्ठभाग सगळ्यांनी वाकून पाहिला. नवा बर्फ जुन्याला चिकटलेलाच नव्हता. एका जागच्या खड्ड्यावरून आख्ख्या डोंगराबद्दल बोलता येत नाही हे खरं; पण अशी चाचणी धोका दाखवते तेव्हा तिचं ऐकायचं, आणि दाखवत नाही तेव्हा तेवढ्यावर विसंबायचं नाही.

तिसरी गोष्ट साधं गणित. उरलेले ६४० मीटर, तासाला शंभर, म्हणजे साडेसहा तास. माथा साडेअकराला. ठरलेली वेळ आठ. गटातला एक जण म्हणाला, “भाऊ, अजून तासभर पाहू, वर कडक लागंल.” आमच्यासोबतचे वाटाडे, ज्यांना पर्वतारोहणातल्या रिवाजाप्रमाणं सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, त्यांनी उत्तर न देता त्याच्या हातात तो बर्फाचा तुकडा दिला. पुढं कुणी काही बोललं नाही. २०२२ च्या ४ ऑक्टोबरला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडावर प्रशिक्षणाचा गट हिमलोटात सापडला आणि २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यांत शिकवणारेही होते. अनुभव असला तरी उतार सुटायचा थांबत नाही, हे तिथं गेलेल्या प्रत्येकाच्या मनात असतंच.

परत फिरायचं ठरलं की लगेच पाठ फिरवायची नाही. आधी पाच मिनिटं खाणं-पिणं. प्रत्येकानं थर्मासमधलं कोमट गुळाचं पाणी एक कप आणि मूठभर फुटाणे-शेंगदाणे घेतले. चिक्की उंचीवर दगड होते, दात लावणं अवघड. नुसता गूळ आणि फुटाणे बरे पडतात. सहा तास चढून आलेले पाय उतरताना जास्त चुका करतात, म्हणून हे खाणं उतरण्यासाठीचं. मग दोराचा क्रम उलटा. चढताना अनुभवी माणूस पुढं असतो. उतरताना तो सर्वांत मागं, म्हणजे वर, कारण खालचा घसरला तर वरून धरणारा तोच. नवखे मधे. वळताना एका वेळी एकच जण, बाकीच्यांचे अ‍ॅक्स बर्फात गाडलेले.

पहिले साठ मीटर उतार फारच उभा वाटत होता, तिथं दोर बांधून उतरलो. यातली खुंटीची गोष्ट महत्त्वाची. साठ सेंटीमीटरची अ‍ॅल्युमिनियमची स्नो स्टेक कडक बर्फात उभी ठोकतात, वरचं टोक उताराच्या वरच्या बाजूला जरा कललेलं. मऊ बर्फात उभी ठोकलेली खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघून येते. तिथं ती आडवी गाडायची: उताराला आडवा, अर्धा मीटर खोल चर, त्यात खुंटी आडवी, तिच्या मध्याला बांधलेली स्लिंग (मजबूत पट्टीचा फास) बाहेर यायला खालच्या दिशेनं एक अरुंद खाच, आणि वरून बर्फ भरून बुटानं दाबून पक्का. स्लिंगची खाच चराइतकीच खोल हवी. उथळ राहिली तर भार आला की स्लिंग खुंटीला वर उचलते. ऊन लागलं की अ‍ॅल्युमिनियम तापून भोवतीचा बर्फ वितळवतं, म्हणून वर भरपूर बर्फ लोटून झाकायचं. अशा तीन खुंट्या घातल्या. दोन खुंट्यांच्या मधल्या दोरावर एका वेळी एकच माणूस. खुंटीशी पोचलं की अंगाला बांधलेल्या दोन स्लिंगांपैकी दुसरी पुढच्या दोरात आधी अडकवायची, मगच पहिली काढायची. हे तोंडानं मोठ्यानं म्हणून करायचं, म्हणजे थकलेल्या डोक्याकडूनही सुटत नाही.

उभा भाग संपल्यावर तोंड बाहेरच्या दिशेला करून टाचेवर उतरणं. गुडघा किंचित वाकलेला, अंगाचा भार पुढं, टाच जोरात बर्फात रोवायची. नवख्यांची चूक अशी, की भीतीनं ते मागं रेलतात. मागं रेललं की टाच रुतत नाही, बुटाचा तळ सपाट लागतो आणि माणूस बसल्या बसल्या घसरतो.

इथून पुढं सगळ्यांत जास्त छळलं ते क्रॅम्पॉनखाली साचणाऱ्या बर्फानं. आपल्याकडं मृगाच्या पहिल्या पावसानंतर काळ्या वावरातून चाललं की चपलेला माती लागते, तिला आणखी माती चिकटते, आणि वीस पावलांत दोन्ही पायांना किलोकिलोची ढेकळं होतात. ओला बर्फ नेमकं तेच करतो. क्रॅम्पॉनच्या दातांमध्ये तो दाबून बसतो, गोळा वाढत जातो, शेवटी दात बर्फाला लागतच नाहीत. फरक इतकाच, की वावरात माणूस चिखलात बसतो आणि इथं तो पाचशे मीटर खाली जातो. क्रॅम्पॉनला खालून रबर-प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्यानं हे कमी होतं, थांबत नाही. उपाय एकच: दर दोन-तीन पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्यानं बुटाच्या बाहेरच्या कडेवर टोला द्यायचा.  टोला द्यायचा तो पुढचा पाय पक्का रोवल्यावर मागच्याला. चार हजार तीनशेच्या खाली उतार सौम्य झाला, खाली सपाट मोकळी जागा दिसत होती, तिथं क्रॅम्पॉन काढूनच टाकले. बसून घसरत उतरायचा मोह अशा जागी होतो. क्रॅम्पॉन पायात असताना तसं कधीच करायचं नाही. एक दात जरी अडकला तरी घोटा किंवा नडगी मोडते.

साडेपाचच्या सुमाराला उजाडलं, आणि साडेसहानंतर पूर्वेकडं तोंड असलेल्या उतारांवर ऊन आलं. ढग तेव्हाच विरळ झाले. रात्री हवे होते तेव्हा नाही झाले. त्यानंतर पाऊण तासानं खडकांच्या पट्ट्यांखालून बर्फाच्या गुंडाळ्या घरंगळायला लागल्या. आधी लिंबाएवढ्या, मग नारळाएवढ्या, मागं रेषा सोडत. उतार ओला होऊन सुटायच्या आधीची ही ठळक खूण आहे. तेव्हा आमच्यापुढं एक अरुंद घळ आडवी ओलांडायची होती. एकेकानं ओलांडली. बाकीचे खडकाच्या आडोशाला उभं राहून वर पाहत होते, कुणीही मोबाइल काढायचा नाही, बोलायचं नाही. काठीची वादी मनगटातून काढलेली, कारण लोटात काठी हाताला खाली ओढते. प्रत्येकाच्या अंगावर बर्फाखालच्या माणसाची जागा सांगणारं शोधयंत्र चालू, सॅकमध्ये सळई आणि फावडं. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायची संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. बाहेरून मदत येईस्तोवर ती वेळ निघून जाते, म्हणून खणणारे आपणच.

खडकांच्या कडेनं चालणं सुरक्षित वाटतं, पण मे महिन्यात तिथंच पाय जांघेपर्यंत जातो. खडक तापतो, भोवतीचा बर्फ आतून वितळतो, वर पातळ छप्पर उरतं. पाय अडकलेला असताना अंग पुढं पडलं तर गुडघ्याचे बंध तुटतात. अडकलं की जोर लावायचा नाही. बसायचं, हातानं भोवतीचा बर्फ काढायचा, मग पाय सरळ वर उचलायचा. आम्ही खडकांपासून तीन-चार मीटर बाहेरून चाललो, तरीही असं दोनदा झालं.

साडेआठला वरच्या तळावर. पहिलं काम बर्फ वितळवून पाणी. पातेल्यात तळाशी कपभर पाणी ठेवूनच बर्फ टाकायचा, नुसता टाकला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळकट वास येतो. दुसरं काम डोळे. काळे चष्मे उजाडल्यापासून लावायचे असतात, ऊन टोचायला लागल्यावर नाही. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, तीही खालून. म्हणून क्रीम नाकपुड्यांखाली आणि हनुवटीच्या खालीही. एकानं चष्मा धुकं धरतो म्हणून अर्धा तास कपाळावर ठेवला होता. दुपारी त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. अंधाऱ्या तंबूत ओल्या फडक्यानं झाकून एक दिवस काढावा लागला. चोळायचे नाहीत, एवढंच सांभाळायचं.

त्याच दिवशी बकरथाचला उतरायची घाई केली नाही. वाटेत नाल्यावरचे बर्फाचे पूल आहेत, दुपारी ते सर्वांत कमकुवत. आमच्याकडं एक दिवस राखीव होता, त्या रात्री पुन्हा ताटली ठेवली. ढग दोनपर्यंत होते. अडीचला पापुद्रा आला, नखानं फुटणारा. पुन्हा चढायचा विचार तिथं संपला. साडेचारला सामान आवरून खाली निघालो. पुलांवर मधोमध करडी, खचलेली रेषा दिसते का ते पाहायचं, खालून पाण्याचा आवाज किती जवळ आहे ते ऐकायचं, आणि काठी खुपसत, दोरानं बांधलेल्या एकेकानं पार व्हायचं. एका पुलावर काठी विनाअडथळा पूर्ण आत गेली. तो सोडून दोनशे मीटर वरून गेलो.

गावी आल्यावर दोर ओलेच होते. इथल्या मे महिन्यात ते उन्हात टाकले की तासाभरात वाळतात, पण ऊन नायलॉनला कमजोर करतं. पडवीत, वारा लागेल अशा सावलीत, सैल वेटोळी करून दोन दिवस टांगायचे. फवारणीच्या पंपाजवळ किंवा बॅटरीजवळ नाही. क्रॅम्पॉनचे दात खडकांवर बोथट झाले होते. ते हातकानशीनं, कडेकडेनं, एकाच दिशेला घासायचे. चौकातल्या ग्राइंडरवर पाच मिनिटांत होतील, पण पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि पुढच्या बर्फात दात वाकतो. वहीत फेब्रुवारीपासूनच्या सरावाखाली शेवटची नोंद केली आहे: ४,६५० मीटर, पहाटे ५, उतार ३६ अंश, वीतभर नवा बर्फ, ताटलीतलं पाणी अकरा वाजता मोकळं.